निवासी बागेतील फुलपाखरे : निरीक्षण प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

बागेत कोणकोणती फुलपाखरे येतात याची यादी करणे हा या प्रकल्पाचा मुख्य हेतू नाही. अशी यादी हवामान चांगले असेल तर लवकर तयार होते आणि पुढे वहीत पडून राहते. एखादी जात बागेत केवळ मकरंद पिण्यासाठी येऊन निघून जाते, की तिची पुढची पिढीही याच बागेत वाढते, हे तपासायचे आहे. त्यामुळे नोंदवहीत जात आणि संख्या या नेहमीच्या रकान्यांबरोबर ‘कृती’ असा तिसरा रकाना आखला असून त्यात मकरंद पिणे, ऊन खाणे, पाठलाग, मीलन, पानांची चाचपणी, अंडी घालणे आणि नुसते ओलांडून जाणे यांपैकी जे दिसेल ते लिहायचे आहे.

मोजणीसाठी परिसंस्थाशास्त्रज्ञ अर्नेस्ट पोलार्ड यांनी ब्रिटनमध्ये रूढ केलेली पद्धत घेतली आहे. तेथील फुलपाखरांची राष्ट्रीय गणना १९७६ पासून याच पद्धतीने होते. ठरलेल्या वाटेने संथ, एकसारख्या चालीने जायचे आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर व समोर पाच मीटर एवढ्या कल्पित चौकटीत जी दिसतील तेवढीच मोजायची. मागे वळायचे नाही आणि चौकटीबाहेरचे कितीही आकर्षक असले तरी आकड्यात धरायचे नाही. तापमान १३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर मोजणी करू नये, असा मूळ पद्धतीतला नियम आहे. उष्ण हवामानात त्याचा उपयोग नाही. येथे अडचण थंडीची नसून दुपारच्या उन्हाची आणि पावसाची आहे, म्हणून बागेवर ऊन पसरल्यापासून ते चटका लागू लागेपर्यंतचा वेळ निश्चित केला आहे.

वाटेचे चार भाग पाडले आहेत. ‘अ’ म्हणजे प्रवेशद्वाराजवळचे झिनिया, पेंटास आणि झेंडूचे वाफे. ‘ब’ म्हणजे हिरवळ. ‘क’ म्हणजे कण्हेरीचे कुंपण. ‘ड’ म्हणजे पंपघरामागची अरुंद पट्टी. तेथे रुई, एरंड, घोळ आणि अंबुशी आपोआप उगवलेली आहेत आणि कोणीतरी पूर्वी लावलेली कढीपत्त्याची दोन झाडे व एक लिंबू आहे. या पट्टीकडे सहसा कोणी फिरकत नाही.

९ जून

‘अ’ भागात अपेक्षेप्रमाणे गर्दी होती. लाइम, कॉमन मॉर्मन, बिबळ्या कडवा आणि हबशी ही चारही फुलपाखरे पेंटासवर होती. इमिग्रंट मात्र बागेवरून सरळ रेषेत निघून गेली, तरी चौकटीतून गेल्यामुळे ती मोजली आणि कृतीच्या रकान्यात ‘ओलांडून जाणे’ असे लिहिले. मोजणीच्या फेरीत कॅमेरा बंद ठेवणे चांगले, असे माझे मत झाले आहे, कारण एका चांगल्या छायाचित्रासाठी थांबले की चाल मोडते आणि त्या वेळात चौकटीत आलेली फुलपाखरे मोजायची की सोडायची, याचा निर्णय मनाप्रमाणे होऊ लागतो.

१७ जून

आकाश पूर्ण झाकलेले. चारही भागांत शून्य. शून्य हीसुद्धा नोंद असल्याने ती तापमान आणि ढगांच्या प्रमाणासह लिहिली. रिकामी सोडलेली ओळ आणि शून्य लिहिलेली ओळ यांचा अर्थ वर्षभरानंतर अगदी वेगळा लागतो.

फुलपाखराच्या छातीतील उड्डाणाचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाहीत आणि ही उष्णता त्याला बाहेरून, म्हणजे मुख्यतः उन्हातून घ्यावी लागते. मोजणीची फेरी संपल्यावर पाच मिनिटे ऊन पडले तेव्हा याचे दोन प्रकार शेजारीशेजारी पाहायला मिळाले. लाइमने पंख सपाट पसरून पाठ उन्हाकडे केली. त्याच झुडपाखाली बसलेल्या ग्रास यलोने पंख मिटूनच ठेवले, परंतु सगळे शरीर एका कुशीवर कलते करून मिटलेल्या पंखांची बाजू सूर्यासमोर धरली.

२४ जून

कढीपत्त्यावर लाइमची मादी अंडी घालत होती. हे जवळून पाहता आले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मादी प्रथम झाडाभोवती घिरट्या घालते आणि निरनिराळ्या पानांना पुढच्या पायांनी क्षणभर शिवते. पायांवर चव ओळखणारी संवेदके असतात, त्यामुळे पान योग्य वनस्पतीचे आहे की नाही, हे तिला स्पर्श करताच कळते. शेजारच्या एरंडाच्या पानाला तिने एकदा शिवून लगेच सोडले. कढीपत्त्यावर मात्र जून, गडद पाने टाळून तिने शेंड्याची कोवळी, तांबूस झाक असलेली पाने निवडली. अंडे घालताना ती पानावर पूर्ण बसत नाही. पंख फडफडत ठेवून केवळ पोटाचे टोक वाकवते आणि मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे, गोल अंडे चिकटवून पुढच्या शेंड्याकडे जाते. एका जागी एकच अंडे.

हीच जात ‘अ’ भागात सर्वाधिक संख्येने दिसते, परंतु तेथे तिने पानांची चाचपणी केल्याची एकही नोंद नाही. पेंटासचे पान तिच्या अळीच्या कामाचे नाही.

२८ जून

काही अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या आहेत. बाहेर येताच अळीने अंड्याचे कवच खाल्ले आणि नंतरच पानाची कड कुरतडायला घेतली. रंग काळपट तपकिरी, मध्यावर पांढरा डाग, अंगावर ओलसर चकाकी. पानाच्या पृष्ठभागावर ती उघडी बसलेली असते आणि पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटते. बागेची झाडलोट करणाऱ्यांना ती दाखवली, तेव्हा त्यांनीही पहिल्यांदा तसेच समजून हात मागे घेतला. याच कारणामुळे लपण्याची गरज नसलेली ही अळी नवख्या निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर असूनही सुटते.

दोन अंडी काळी पडली आहेत. अंड्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या असतात आणि अंडे काळे पडणे ही त्याची नेहमीची खूण असते, तथापि उबण्यापूर्वीही अंडे गडद होत असल्याने ही अंडी आणखी काही दिवस पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहिणार नाही.

७ जुलै

काळी पडलेली अंडी उबली नाहीत.

उरलेल्या अळ्यांपैकी मोठ्या अळ्यांनी चौथी कात टाकली आहे. चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेत येते आणि याच वेळी विष्ठेसारखा वेश सोडून हिरवा रंग धारण करते. आकार वाढल्यावर विष्ठेचे सोंग चालणार नाही, हे उघडच आहे. पानाच्या देठाजवळ, शिरेला समांतर बसलेली ही हिरवी अळी दोन हातांवरूनही चटकन दिसत नाही. खाली पडलेल्या ताज्या लेंड्यांवरून वर पाहात गेले तरच सापडते.

तिच्या डोक्यामागे गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, तेव्हा नारिंगी-तांबड्या रंगाची दुभंगलेली ग्रंथी झटकन बाहेर आली आणि आंबट, उग्र वास पसरला. लाइम ज्यातले आहे त्या पुच्छ (स्वॉलोटेल) कुळातील सर्वच अळ्यांना ही ग्रंथी असते. मुंग्या आणि कोळी यांसारख्या लहान शत्रूंना दूर ठेवण्यासाठी तिचा उपयोग होतो. मात्र येथे फिरणाऱ्या सरड्यावर तिचा काही परिणाम होत असेल, असे अळ्यांच्या घटत्या संख्येवरून वाटत नाही.

१३ जुलै

दोन कोष सापडले. कोषात जाण्यापूर्वी अळी आतडे रिकामे करते, खाणे थांबवते आणि बराच वेळ इकडेतिकडे भटकते, त्यामुळे कोष खाद्यवनस्पतीवरच असेल असे नाही. एक कोष कढीपत्त्याच्या हिरव्या फांदीवर असून तो हिरवा आहे. दुसरा पंपघराच्या भिंतीवर, वाळक्या वेलीच्या काडीला आहे आणि तो तपकिरी आहे. दोन्ही एकाच जातीचे आहेत. टेकण्यासाठी निवडलेल्या जागेप्रमाणे कोषाचा रंग ठरतो. शेपटीकडचे टोक रेशमी गादीत अडकवलेले आणि कमरेभोवती एक रेशमी धागा, असा दुहेरी आधार असल्यामुळे कोष तिरका उभा राहतो. हबशी आणि बिबळ्या कडवा यांचे कोष केवळ शेपटीच्या टोकाने उलटे टांगलेले असतात, त्यामुळे कोषाच्या बैठकीवरूनच कुळाचा अंदाज घेता येतो.

२२ जुलै

भिंतीवरच्या कोषातून सकाळी फुलपाखरू बाहेर आले. आदल्या संध्याकाळीच कोषाच्या कवचातून पंखांचे काळे-पिवळे ठिपके दिसू लागले होते. डोक्यामागे फट पडली, पाय बाहेर आले, आणि पुढच्या मिनिटभरात संपूर्ण कीटक काडीवर चढला. त्या वेळी पोट फुगलेले आणि पंख ओल्या, चुरगळलेल्या कागदाच्या तुकड्यांसारखे होते. पोटातला द्रव शिरांमध्ये ढकलला जाऊ लागताच पंख मुळाकडून टोकाकडे उलगडत गेले. सोंड प्रथम दोन वेगळ्या अर्धनळ्यांच्या रूपात असते. ती पुन्हा पुन्हा गुंडाळून आणि सोडून फुलपाखराने त्या एकमेकींत बसवल्या. हे जुळवणे साधले नाही तर पुढे मकरंद पिता येत नाही. लालसर द्रवाचे काही थेंब खाली पडले. कोषात साठलेला तो टाकाऊ द्रव असतो. रक्त समजून काळजी करण्याचे कारण नाही.

हिरव्या कोषातून फुलपाखरू आले नाही. त्याच्या बाजूला टाचणीने पाडावे तसे एक भोक आहे आणि त्यातून हिरवट धातूसारखी चमक असलेल्या लहान गांधीलमाश्या बाहेर पडताना दिसल्या. या माश्या कोषात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतून कोष खातात. हिशेब ठेवताना ही घटना ‘नुकसान’ या मथळ्याखाली लिहिण्याचा मोह होतो, पण त्या माश्यांसाठीही हीच बाग आहे. रकान्याचे नाव ‘परजीवी’ एवढेच ठेवले.

५ ऑगस्ट

रुईवर बिबळ्या कडव्याच्या अळ्या आहेत. काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी ही अळी लपण्याचा काहीही प्रयत्न करत नाही. रुईच्या चिकात विषारी द्रव्ये असतात आणि ती शरीरात साठल्यामुळे अळी व फुलपाखरू दोन्ही पक्ष्यांना नकोसे होतात. चीक मात्र अळीलाही अडचणीचा ठरतो, कारण तो जबड्यांना चिकटून वाळतो. मोठी अळी पान खाण्यापूर्वी देठाजवळची मुख्य शीर कुरतडते. चीक तेथेच वाहून जातो, पान मान टाकते आणि मग ती शीर तुटलेल्या जागेच्या पुढचा भाग निवांत खाते. मान टाकलेली पाने शोधणे ही अळी शोधण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

‘ड’ मध्ये आज मोजलेल्या बिबळ्या कडव्यांपैकी एक बिबळ्या कडवा नव्हताच. ती छोट्या चांदव्याची मादी होती. दोहोंचे रंग आणि उडण्याची संथ ढब इतकी सारखी आहे की उडताना ओळख पटवणे धाडसाचे ठरते. बसल्यावर मागच्या पंखाचा मध्यभाग पाहावा : बिबळ्या कडव्याला तेथे काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार, छोट्या चांदव्याच्या मादीच्या पंखाचा तो भाग मोकळा असतो. छोट्या चांदव्याचा नर तर पूर्ण वेगळा, काळ्या पंखांवर निळसर-जांभळ्या कडेचे पांढरे चांद असलेला आहे. आजपासून ‘बिबळ्यासारखे, अनिश्चित’ असा स्वतंत्र प्रवर्ग वहीत राहील.

छोट्या चांदव्याची मादी जमिनीलगत रेंगाळत होती, आणि ती का, हे घोळीची पाने तपासल्यावर कळले. घोळ ही तिच्या अळ्यांची खाद्यवनस्पती आहे. वाफ्यांतून सर्वांत आधी उपटले जाणारे तण तेच.

१९ ऑगस्ट

कॉमन मॉर्मनच्या माद्या लिंबाभोवती. या जातीची मादी तीन रूपांत आढळते : नरासारखी दिसणारी सायरस, कॉमन रोझची नक्कल करणारी स्टिचियस आणि क्रिमसन रोझची नक्कल करणारी रोम्युलस. ज्यांची नक्कल केली जाते ती दोन्ही फुलपाखरे सापसंदाच्या कुळातील विषारी वेलींवर वाढतात आणि पक्षी त्यांना टाळतात. ओळखण्याची खूण शरीरावर आहे. मूळ विषारी फुलपाखरांचे शरीर लाल असते, तर नक्कल करणाऱ्या मॉर्मन मादीचे काळे. पंखांवरचे रंग कितीही हुबेहूब उतरले असले तरी शरीराचा रंग या मादीने घेतलेला नाही. मादीचे कोणते रूप निपजेल, हे डबलसेक्स या एकाच जनुकाने ठरते, असे फुलपाखरांचे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

आज लिंबावर अंडी घालताना दिसलेली मादी स्टिचियस रूपातली होती. या बागेत सापसंद नाही आणि कॉमन रोझही अद्याप एकदाच, तेही ओलांडून जाताना दिसले आहे. मग पक्ष्यांना लाल-पांढऱ्या खुणेचा धडा मिळतो कोठे? बागेच्या कुंपणापलीकडे, हे उघड आहे. पक्षी आणि फुलपाखरे कोणाचीही हद्द आपल्या वाटेपुरती मर्यादित नाही. हा प्रकल्प मात्र त्या हद्दीच्या आतच मोजतो, याचे भान निष्कर्ष काढताना ठेवावे लागेल.

४ सप्टेंबर

कण्हेरीचे कुंपण नेहमीप्रमाणे एकदम आणि सर्व बाजूंनी कापले गेले. कापलेल्या फांद्यांच्या ढिगात हबशीचे चांदीसारखे चकाकणारे कोष आणि निरनिराळ्या वयाच्या अळ्या होत्या. ज्या फांद्यांवर कोष होते तेवढ्या वेगळ्या काढून सावलीत, कुंपणाच्या आतल्या बाजूला उभ्या बांधल्या.

देखभाल समितीपुढे दोन सूचना मांडल्या आणि त्या मान्य झाल्या. कुंपण यापुढे तीन टप्प्यांत, मध्ये किमान महिनाभर अंतर ठेवून कापले जाईल, म्हणजे अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा एक फेरा कुठल्यातरी टप्प्यात पुरा होऊ शकेल. ‘ड’ पट्टी साफ करून तेथे शोभेच्या कुंड्या मांडण्याचा विचार होता. तो एका वर्षासाठी पुढे ढकलला आहे. समितीला पटवताना फुलपाखरांच्या सौंदर्याविषयी बोलण्यापेक्षा जूनपासूनचा कृतीचा रकाना दाखवणे अधिक उपयोगी ठरले : अंडी घालण्याच्या सर्व नोंदी ‘क’ आणि ‘ड’ या दोनच भागांत आहेत.

१६ सप्टेंबर

वाफ्यांतील झाडांवर पिठ्या ढेकूण पडल्याने फवारणी करण्याविषयी विचारणा झाली. रासायनिक औषधाऐवजी जैविक औषध वापरले तर चालेल का, असा प्रश्न होता. बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या कुर्स्टाकी या प्रकारापासून केलेले जैविक कीटकनाशक नेमके पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांनाच मारते, कारण अळी ते पानासोबत खाते आणि त्यातील प्रथिन तिच्या आतड्याला छिद्रे पाडते. माणसांना, मधमाश्यांना ते निरुपद्रवी आहे आणि म्हणूनच ते निर्धास्तपणे फवारले जाते. या प्रकल्पाच्या दृष्टीने मात्र ‘जैविक’ हा शब्द पाहून निश्चिंत होणे योग्य नाही. पिठ्या ढेकणाचा उपद्रव खरा होता. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि प्रादुर्भाव झालेले शेंडे खुडून तो आटोक्यात आला.

हिरवळीवर (भाग ‘ब’) आतापर्यंत एकच जात नियमित आहे, ती म्हणजे पेल ग्रास ब्लू. तिची अळी अंबुशीवर वाढते. हिरवळीत जेथे अंबुशी घुसली आहे, तेवढ्याच तुकड्यांवर ती उडते.

६ ऑक्टोबर

गळक्या नळाखालच्या ओल्या मातीवर इमिग्रंटचे चिखलपान. सोंड मातीत खुपसून ती बराच वेळ हलली नाहीत आणि पोटाच्या टोकातून जादा पाणी थेंबाथेंबाने बाहेर टाकत राहिली. मकरंदात साखर भरपूर असली तरी सोडियम अत्यल्प असते. ते मिळवण्यासाठी मुख्यतः नर चिखलावर जमतात आणि मीलनाच्या वेळी त्याचा काही भाग मादीला देतात. जूनमध्ये ‘ओलांडून जाणे’ एवढीच नोंद असलेली जात बागेत थांबल्याची ही पहिली नोंद आहे. थांबण्याचे कारण फूलही नव्हते आणि पानही नव्हते. नळ दुरुस्त होणार आहे आणि तो व्हायलाच हवा. त्याऐवजी ‘ड’ मध्ये एका पसरट थाळीत माती ओली ठेवण्याची व्यवस्था केली आहे.

२९ ऑक्टोबर

ईव्हनिंग ब्राऊन सकाळच्या मोजणीत जवळजवळ येतच नाही, कारण ते दिवसभर पाचोळ्यात बसून राहते आणि दिवस मावळताना उडते. त्याच्यासाठी संध्याकाळची वेगळी फेरी घेत आहे आणि तिचे आकडे सकाळच्या आकड्यांत मिसळत नाही. ऑगस्टमध्ये दिसलेल्या फुलपाखरांच्या मागच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळ्यांची, म्हणजे डोळ्यांसारख्या ठिपक्यांची, ओळ होती. आता दिसणारी फुलपाखरे त्याच जातीची असूनही त्यांचे डोळे नाहीसे झाले आहेत आणि पंख वाळक्या पानासारखे झाले आहेत. कोणाच्या पंखावर मधली शीर उठून दिसते, कोणाच्या पंखावर बुरशीसारखे ठिपके आहेत. अळी वाढत असताना हवामान कसे होते, यावर यांपैकी कोणते रूप येईल हे ठरते. ओल्या ऋतूत डोळ्यांवर टोच मारली जाऊन शरीर वाचू शकते, कोरड्या ऋतूत पाचोळ्यात मिसळून जाणे अधिक सोयीचे असते.

दोन्ही रूपे एकाच संध्याकाळी, एकाच कोपऱ्यात दिसण्याचा काळ थोडा असतो. आज ती तशी दिसली. पंपघराच्या कोपऱ्यातला पाचोळा झाडू नये, अशी विनंती केली आहे.

१८ नोव्हेंबर

‘अ’ भागात लिंबाची दोन रोपे आणि एका कोपऱ्यात रुईचे एक रोप मुद्दाम लावले. फुले जेथे आहेत तेथेच अळीचे खाद्य ठेवले तर मादी गजबजलेल्या वाटेच्या कडेलाही अंडी घालते का, की तिला ‘ड’ पट्टीतला निवांतपणाही लागतो, हे यावरून कळेल. रोपांना पालवी फुटेपर्यंत नोंदीची अपेक्षा नाही. कोवळ्या शेंड्यांची तपासणी मोजणीच्या फेरीनंतर स्वतंत्रपणे करायची असून अंडे न सापडल्यास त्याही दिवशी शून्य लिहायचे आहे. कुंपणाच्या कापणीचा पहिला टप्पा पूर्वेकडच्या बाजूने सुरू होईल. त्याआधी त्या बाजूचे कोष मोजून फांद्यांना सुतळीची खूण बांधायची आहे.